दात हाडाला का चिकटत नाही?

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही आज दातांवर बोलणार, असे कार्यक्रमपत्रिकेत छापून आल्यापासून अनेकांनी आम्हांला विचारले, की तुम्ही बँकेतले कारकून, पदवी बी.ए.ची, तीही इतिहास घेऊन. तुमचा दातांशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आमचा संबंध सगळ्या दातांशी नाही, एकाच दाताशी आहे. तो आमच्या चिरंजीवांचा वरचा, समोरचा, उजवीकडचा पटाशीचा दात. त्या एका दातापायी गेली तीन वर्षे आम्ही जे वाचले, विचारले आणि ऐकले, तेच आज आपणांसमोर ठेवणार आहोत. आपल्याच अभ्यासिकेत बसून दंतवैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपली जाडजूड पुस्तके उघडून आम्हांला कित्येक रविवार शिकविले. यात काही बरोबर असेल ते तिचे, चूक असेल ती आमची.

तर झाले असे. चिरंजीव तेव्हा बारा वर्षांचे होते. वसाहतीमागच्या मैदानावर क्रिकेट चालले होते. यष्टिरक्षक म्हणून ते फलंदाजाच्या फार जवळ उभे राहिले आणि मागे आलेली बॅट तोंडावर बसली. दात मुळासकट बाहेर येऊन धुळीत पडला. मुलांनी तो शोधून आणला, त्यांचे कौतुकच करावयास हवे. पण पुढे जे घडले ते आमच्या हातून घडले. आम्ही तो दात नळाखाली धरला. मुळावर तांबूस, मऊसर असे काहीतरी चिकटलेले होते. ही घाण आहे असे समजून आम्ही जुन्या ब्रशने ती चांगली घासून काढली. दात लख्ख झाला. मग तो स्वच्छ रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि मुलाला घेऊन निघालो. रविवार होता. दोन दवाखाने बंद निघाले. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टर भेटल्या तेव्हा अडीच तास होऊन गेले होते.

डॉक्टरबाईंनी रुमाल उघडला, दात पाहिला आणि विचारले, "हा कुणी घासला?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, "मीच. अगदी स्वच्छ केला आहे." त्या काही बोलल्या नाहीत. दात त्यांनी परत खोबणीत बसविला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावयास सांगितले आणि पुढच्या तारखा दिल्या.

दोन आठवड्यांनी तार काढली, दाताच्या नसेचे काम झाले. काही महिन्यांनी दात असा काही पक्का झाला की आमच्या घरी आनंदीआनंद. शेजारचे दात बोटाने दाबले तर अगदी किंचित का होईना, दबतात. हा दात पहाडासारखा. पेढे वाटावयाचे तेवढे आम्ही बाकी ठेवले होते. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी आरशाच्या दांडीने एकेका दातावर हलकेच ठोकले. बाकीचे दात बद्द वाजले. हा मात्र टणक, धातूवर ठोकावे तसा वाजला. आम्ही म्हणालो, "बाई, चांगला घट्ट बसलाय." त्या म्हणाल्या, "घट्ट बसलाय हीच तर काळजीची गोष्ट आहे."

मित्रहो, आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे. दात घट्ट बसणे ही काळजीची गोष्ट कशी?

त्यांनी आम्हांला दोन एक्स-रे शेजारी शेजारी धरून दाखविले. एक निरोगी दाताचा. त्यात दाताचे मूळ पांढरट दिसते, भोवतालचे हाडही पांढरट दिसते, आणि दोहोंच्या मध्ये मुळाच्या कडेकडेने एक बारीक काळी रेघ धावते. आम्हां खतावणीत आयुष्य घालविणाऱ्यांना ती दोन रकान्यांमधल्या रेघेसारखी वाटली. दुसरा एक्स-रे चिरंजीवांचा. त्यात ही रेघ काही ठिकाणी दिसत होती, काही ठिकाणी पुसून गेली होती. जिथे पुसली होती तिथे दात कुठे संपतो आणि हाड कुठे सुरू होते हे डॉक्टरबाईंनी बोट ठेवून दाखविल्यावरसुद्धा आम्हांला कळले नाही. कळणारच नव्हते, कारण तिथे दोन वस्तू उरल्याच नव्हत्या.

ही काळी रेघ म्हणजे रिकामी जागा असावी असा आमचा समज झाला होता. तो चुकीचा. एक्स-रेवर काळे दिसते ते मऊ असते म्हणून. या जागेत एक जिवंत पडदा असतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात; आपण सोयीसाठी त्याला 'बंध' म्हणू. याची जाडी किती? मिलिमीटरचा सातवा हिस्सा ते फार तर एक तृतीयांशाच्या थोडे पुढे. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी म्हटले तरी चालेल. मुळाच्या मध्यावर तो सर्वांत पातळ असतो, वर आणि खाली जरा जाड. वय वाढते तसा तो आणखी पातळ होत जातो. एवढ्याशा जागेत रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, निरनिराळ्या जातींच्या पेशी आहेत आणि कोलॅजेन नावाच्या चिवट पदार्थाचे असंख्य धागे आहेत.

हे धागे कसे बांधले आहेत ते पाहण्यासारखे आहे. आपल्याला वाटते दात हाडात ठोकलेला आहे, भिंतीत खुंटी ठोकावी तसा. तसे नाही. दात हाडात टांगलेला आहे. सुंभाने विणलेली बाज डोळ्यांसमोर आणा. बाजेच्या चौकटीला सुंभ बांधलेला असतो आणि माणूस त्यावर बसला की सुंभ ताणला जाऊन भार चौकटीवर जातो. बंधातले बहुतेक धागे तिरपे असतात. हाडाच्या बाजूचे त्यांचे टोक दाताच्या टोपीकडे आणि मुळाच्या बाजूचे टोक मुळाच्या शेंड्याकडे. त्यामुळे आपण चावतो तेव्हा दात हाडावर आपटत नाही, तर धागे ताणले जातात. दाढेने जोर लावून चावले तर माणूस पन्नास किलोंच्या आसपास भार टाकू शकतो. तो रोज सोसूनही खोबणीचा चुरा होत नाही, त्याचे एक मोठे कारण ही बाज.

धाग्यांची दोन्ही टोके मात्र पक्की चिणलेली असतात. एक टोक हाडात, आणि दुसरे टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरात. या चिणलेल्या टोकांना एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम शार्पी यांच्या नावावरून शार्पीचे धागे म्हणतात. सिमेंटम मानेपाशी कागदाहूनही पातळ असते आणि शेंड्याकडे जाड होत जाते. ते हाडासारखेच चुनखडीचे, पण हाडाहून एका बाबतीत वेगळे. हाड आयुष्यभर मोडले जाते आणि नव्याने बांधले जाते. सिमेंटम सहसा मोडले जात नाही, त्यावर नुसती हळूहळू भर पडत राहते.

आता खरा प्रश्न. एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला सिमेंटम. दोन्ही बाजूंना चुना जमविणारे कारागीर. मध्ये पोस्टकार्डाएवढी फट, आणि त्या फटीतल्या धाग्यांवर चुना बसू शकतो हे तर उघडच आहे, कारण त्यांच्याच दोन्ही टोकांवर तो बसलेला आहे. मग सत्तर-ऐंशी वर्षांत हा चुना मध्यापर्यंत येऊन फट बुजवून का टाकीत नाही? आपल्या हाताचे हाड मोडले तर मधली फट काही आठवड्यांत हाडाने भरून येते. दाताभोवतीची फट मात्र जन्मभर राहते. आम्ही आयुष्याची चाळीस-पंचेचाळीस वर्षे दातांनी भाकरी खाल्ली, पण हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

याचे उत्तर असे, की ती फट आपोआप राहत नाही, ती राखली जाते. राखणारे एक नाहीत, अनेक आहेत, आणि त्यांत कोणाचा वाटा किती यावर संशोधकांचा वाद अजून संपलेला नाही.

पहिले राखणदार म्हणजे बंधातल्या पेशीच. या पेशी जुने धागे सतत गिळतात आणि नवे विणतात. शरीरातल्या जोडऊतींमध्ये, म्हणजे बांधणीच्या ऊतींमध्ये, इतक्या झपाट्याने नूतनीकरण होणारी दुसरी जागा शोधून सापडणे कठीण. जिथे रोज उचल आणि रोज भरणा तिथे शिल्लक साचून राहत नाही, तसेच हे. शिवाय या पेशी चुना बसू न देणारी प्रथिने तयार करतात. पायरोफॉस्फेट नावाचे एक साधे रसायनही चुन्याचे स्फटिक वाढू देत नाही. ज्या उंदरांमध्ये जन्मतःच पायरोफॉस्फेटची व्यवस्था बिघडलेली असते, त्यांच्या मुळांवर सिमेंटमचा थर भलताच जाड होतो असे प्रयोगांत दिसले आहे.

दुसरे राखणदार फार गमतीचे आहेत. बाळाच्या जबड्यात दात घडत असताना मुळाला आकार देणारी पेशींची एक पिशवी असते. तिचे नाव हर्टविगची पिशवी. मूळ घडले की ही पिशवी फाटते आणि तिचे तुकडे बंधातच मागे राहतात. १८८५ च्या सुमारास लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने माणसाच्या दाताभोवती हे तुकडे दाखविले, म्हणून त्यांना मालासेचे अवशेष म्हणतात. (हेच गृहस्थ रक्तातल्या पेशी मोजण्याच्या पद्धतीसाठीही प्रसिद्ध आहेत. मोजदाद करणारा माणूस आम्हांला लगेच जवळचा वाटतो.) मुळाभोवती या पेशींचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे असते. पुष्कळ वर्षे यांना निरुपयोगी समजले जात होते. बांधकाम संपल्यावर मागे राहिलेल्या पराती-फावड्यांसारखे. पुढे संशय येऊ लागला की यांचे काम संपलेले नाही. २००४ साली जपानी संशोधकांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी खालच्या जबड्याचा मज्जातंतू तोडला. तेव्हा मालासेच्या पेशी कमी झाल्या, बंध अरुंद झाला आणि काही ठिकाणी दात हाडाला जुळला. या एका प्रयोगावरून सगळे सिद्ध झाले असे कोणी म्हणत नाही, पण अडगळ म्हणून टाकलेल्या पेशींकडे नव्याने पाहावे लागले एवढे खरे.

तिसरी गोष्ट चावण्याची. चावताना दात दर वेळी केसाइतका का होईना हलतो, आणि त्या हालचालीनेही फट मोकळी राहावयास मदत होते. म्हणूनच डॉक्टरबाईंनी चिरंजीवांचा दात लोखंडी सळीसारख्या गोष्टीने जखडला नव्हता, लवचिक तारेने बांधला होता, आणि तोही दोनच आठवडे. आमची त्या वेळी तक्रार होती की बाईंनी काम कच्चे केले. आज ती तक्रार आम्ही सर्वांसमक्ष मागे घेतो.

आता हे राखणदार मेले तर काय होते? हाड स्वतःला सतत मोडते-बांधते हे आताच सांगितले. हाड मोडणाऱ्या पेशींना समोर जिवंत बंध असेपर्यंत मुळापर्यंत येता येत नाही. बंध मेला की त्या येतात आणि मुळाला हाडच समजून कुरतडू लागतात. त्यांच्या मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी येतात आणि कुरतडलेल्या जागी हाड भरतात. अशा रीतीने आधी दात हाडाला जुळतो आणि मग कणाकणाने मुळाच्या जागी हाड येते. मोठ्या माणसात याला दहा-वीस वर्षेही लागतात. वाढत्या मुलांत हाडाची उलाढाल जलद असते, त्यामुळे तिथे थोड्या वर्षांतच काम उरकते. यात दुखत नाही, सूज येत नाही, पू होत नाही. म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. उलट दात घट्ट झाला म्हणून ते खूश असतात.

१९८० साली स्वीडनमध्ये कॅरिंग, नायमन आणि लिंडे यांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग या संदर्भात पुस्तकांत नेहमी सांगितला जातो. त्यांनी रोगाने बंध गमावलेली मुळे काढून थेट हाडात रुतवली. हाडाने नवा बंध तयार करून दिला का? नाही. मूळ हाडाला जुळले आणि झिजू लागले. बंध हाडातून उगवत नाही, बंध बंधातूनच उगवतो, हे त्यातून ठसले.

इथे कोणी विचारील, की दात हाडाला जुळला तर बिघडले काय? सरड्याचे तर तसेच असते. हे खरे आहे. आपल्या कुंपणावरच्या सरड्याचे दात जबड्याच्या काठाला थेट जोडलेले असतात. बहुतेक माशांचेही हाडाला जुळलेले असतात. मगरीचे दात मात्र आपल्यासारखेच खोबणीत आणि बंधाने बांधलेले असतात, परंतु तिला जन्मभर नवे दात येत राहतात. आपल्याला दुधाचे गेल्यावर एकच संच मिळतो आणि त्यावर साठ-सत्तर वर्षे काढावी लागतात. तेवढ्या काळात जबडा वाढतो, दात झिजतात, एखादा पडतो, शेजारचे सरकतात. या सगळ्या घडामोडींत दाताला आपली जागा थोडीथोडी बदलता आली पाहिजे. वाकडे दात तारा लावून सरळ करतात ते याच बळावर. तारेचा दाब पडतो त्या बाजूचे हाड विरघळते, ताण पडतो त्या बाजूला नवे भरते आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. हे काम बंधातून चालते. हाडाला जुळलेला दात मात्र तारेने तसूभर हलत नाही. उलट त्याला ओढताना शेजारचे चांगले दात त्याच्याकडे ओढले जातात.

आणखी एक गोष्ट, जी आपण रोज अनुभवतो. भात खाताना बारीकसा खडा आला तर तो दाताला कळतो. डाळीतला केस कळतो. दात तर दगडासारखा, मग त्याला कळते कसे? कळते ते बंधातल्या मज्जातंतूंना. खडा चावला की पुढच्या क्षणी जबडा आपोआप थांबतो, तो निरोप या पडद्यातून गेलेला असतो.

हीच गोष्ट उलट बाजूने स्वीडनमध्येच पाहावयास मिळाली. पेर-इंग्वार ब्रानेमार्क हे शास्त्रज्ञ १९५२ साली सशाच्या हाडात टायटॅनियम धातूचे उपकरण बसवून आतला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर ते काढू गेले तर निघेना. हाड धातूला जुळले होते. त्यातून पुढे आज ज्याला इम्प्लांट म्हणतात ते आले. १९६५ साली गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिले बसविले गेले आणि २००६ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते चालले. म्हणजे हाडाला जुळणे हे इम्प्लांटच्या बाबतीत यश आहे आणि दाताच्या बाबतीत अपयश. धातूला हाड कुरतडता येत नाही, दाताला येते. पण धातूलाही बंध नाही. त्यामुळे खडा तितक्या बारकाईने कळत नाही, आणि वाढत्या वयात तो बसविला तर चेहरा वाढतो, दात खाली उतरतात, आणि इम्प्लांट आपल्या जागी खिळलेले राहते. म्हणून वाढ पुरी होईपर्यंत डॉक्टर ते सहसा बसवीत नाहीत. आम्ही पैसे जमा करून गेलो होतो, बाईंनी परत पाठविले.

बंध जाण्याचा दुसरा, फार मोठा मार्ग आहे तो पायोरियाचा. तिथे उलट होते. जंतूंमुळे बंध आणि हाड दोन्ही झडतात आणि दात हलू लागतो. तंबाखू, विडी आणि आपल्याकडच्या आयाबहिणींची मिश्री यांचा त्यात मोठा हात आहे. मिश्रीने दात घट्ट होतात असे आमची आजी सांगत असे. तिच्या तोंडात शेवटी चार दात होते. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे, म्हणून इथे सोडतो.

आता आमच्या रुमालाकडे परत येऊ. खोबणीतून दात निखळतो तेव्हा बंध मधोमध फाटतो. अर्धा हाडाला राहतो, अर्धा मुळावर. आम्ही ब्रशने घासून काढली ती घाण नव्हती, तो मुलाचा जिवंत बंध होता. जे काही घासण्यातून वाचले असेल ते नळाच्या पाण्याने आणि कोरड्या रुमालाने मारले. साध्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात. त्यामुळे पाणी पेशींत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. कोरडेपणा त्याहून वाईट. तासभर दात कोरडा राहिला तर मुळावरच्या पेशी जगत नाहीत, असे धरून चालतात.

कोपनहेगनचे जेन्स ओव्ह आंद्रेआसेन यांनी सगळा जन्म या विषयाला वाहिला. २०२० साली ते वारले. १९६६ साली त्यांनी आणि यॉर्टिंग-हान्सेन यांनी परत बसविलेल्या ११० दातांचा हिशेब प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत परत बसविलेल्या दातांपैकी ९० टक्क्यांत मूळ झिजल्याचे दिसले नाही. दोन तासांनंतर बसविलेल्यांपैकी ९५ टक्क्यांत झिजले. आमचे अडीच तास. हा आकडा त्या विद्यार्थिनीने वाचून दाखविला तेव्हा आम्ही तिला पान उलटू दिले नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, विशेषतः जे खेळतात त्यांनी आणि खेळाच्या शिक्षकांनी हे नीट ऐकावे. दंत-आघातांवरील आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या सूचनांत हेच सांगितले आहे. कायमचा दात मुळासकट पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दुधात, सलाइनमध्ये किंवा त्याच मुलाच्या थुंकीत हलकेच खळबळावा. घासू नये, पुसू नये. आणि तिथल्या तिथे खोबणीत परत बसवावा. भीती वाटते, पण बसतो. मग रुमालाची घडी चावावयास देऊन डॉक्टरकडे जावे. बसविण्याचे धाडस होत नसेल तर दात दुधात टाकून न्यावा. पिशवीतले साधे, थंड, पाश्चराइज्ड दूध चालते. १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमध्ये ब्लोमलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दुधात या पेशी काही तास तग धरतात, कारण दुधातल्या क्षारांचे प्रमाण पेशींना मानवते. दूध नसेल तर पेल्यात त्याच मुलाने थुंकावे आणि त्यात दात ठेवावा. काहीच नसेल तर पाणीसुद्धा कोरड्या रुमालापेक्षा बरे. मात्र दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नये. खाली घडत असलेल्या पक्क्या दाताला इजा होते.

आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर दूध केंद्र आहे. मैदानापासून ते पन्नास पावलांवर असेल. त्या रविवारी ते उघडे होते. आम्ही मुलाला रिक्षात बसविले ते त्याच केंद्रासमोर.

चिरंजीव आता पंधरा वर्षांचे आहेत. तीन वर्षांत त्यांची उंची चांगली वाढली, जबडाही वाढला आणि शेजारचे दात हाडासह खाली उतरले. हा दात हाडाला खिळलेला, तो जिथल्या तिथे राहिला. त्यामुळे तो शेजाऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर आखूड दिसतो. दीड मिलिमीटर म्हणजे काय, असे आपण म्हणाल. पण दहावीच्या ओळखपत्रासाठी फोटो काढताना त्याने ओठ मिटून घेतले ते आम्ही पाहिले. एकदा त्याने विचारले, "पप्पा, तुम्ही तेव्हा तो घासला नसता तर राहिला असता का?" आम्ही खरे ते सांगितले, की नुसत्या घासण्याने नाही, वेळही गेला होता, पण घासला नसता आणि दुधात ठेवला असता तर राहण्याची शक्यता चांगली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या शाळेच्या पेटीत आयोडीन आहे, पट्ट्या आहेत, पण हे कुणालाच माहीत नाही." आजचे भाषण त्याच्या त्या बोलण्यातून निघाले आहे.

येत्या सुट्टीत त्या दाताचा वरचा भाग कापून टाकण्याचे ठरले आहे. मूळ हाडातच ठेवतात. स्वीडनच्या मालमग्रेन यांनी १९८४ साली मांडलेली ही पद्धत आहे. मूळ काढावयास गेले तर हाड फुटते. ठेवले तर त्याचेच हळूहळू हाड होते आणि पुढे इम्प्लांटला जागा टिकून राहते. तोवर काढता-घालता येणारा खोटा दात. त्याचे माप परवा घेतले. रंग जुळविताना डॉक्टरबाईंनी शेजारच्या दाताला नमुन्याची पट्टी लावली आणि चिरंजीवांना आरसा दिला. त्यांनी तीन वेळा नमुना बदलून घेतला.

 ज्यांना एक्स-रे पाहावयाचे असतील त्यांच्यासाठी दोन्ही आणलेले आहेत. खिडकीच्या उजेडात धरले की ती रेघ दिसते.